घरगुती कनेक्शन

त्या मंगळवारी सकाळी इंदुमती वडगावेच्या नळाला पाणी आलं आणि ते वर गेलं. बादलीकडे ढुंकूनही न बघता ते छताकडे चढलं, आणि बघता बघता स्वयंपाकघराच्या छताला नितळ तळं लागलं. खाली एक थेंब सांडला नाही.

सासूबाई स्टुलावर चढल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात बुडवले आणि म्हणाल्या, "गोड आहे गं!"

टँकरमागे घागरी घेऊन पळण्यात इंदूची उमेदीची वर्षं गेली होती. तिला हसू आवरेना. तिने तांब्या पालथा धरून भरला, नवऱ्याला, बसवराजला, पाजला आणि शेजारच्या शबानाभाभीला हाक मारली. भाभी मान वर करून बघतच राहिली.

"बिल कुणाकडे भरणार?" तिने विचारलं. "नाही भरलं तर संध्याकाळपर्यंत तोडतील."

इंदूने पायात चपला सरकवल्या, पालथा तांब्या सांभाळत धरला आणि निघाली.

नगरपालिकेतल्या साहेबांनी वाकून तांब्यात खालून पाहिलं. "हे आमचं नव्हे, बाई. आमचं खाली पडतं."

रस्त्यापलीकडे पाणीपुरवठ्याचं ऑफिस होतं. तिथल्या बाईंनी बोट बुडवून चाखलं. "आमचंही नव्हे. आमचं येतच नाही."

"मग कुणाचं?"

"पाईप जिकडून येतो, त्यांचं."

हे इंदूला एकदम पटलं. घरी येऊन तिने भिंतीबाहेर निघालेल्या पाईपवर तळहात ठेवला. पाईप वासराच्या मानेसारखा कोमट होता. हात न काढता ती चालू लागली. पाईप गल्लीतून गेला, शिंप्याच्या दुकानातून गेला, एका घरात जेवायला बसलेल्या माणसांच्या मधून गेला. त्यांनी ताटं सरकवून तिला वाट दिली. त्यांच्याही छताला तळं होतं.

"ऑफिस सापडलं की आम्हालाही सांगा हो!"

"सांगते!" इंदू ओरडली.

पुढे गल्ली अरुंद होत गेली. आधी खांदे घासले, मग ती आडवी होऊन सरकू लागली, तरी पाय थांबेनात. वरातीत नाचतानासुद्धा तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

गल्ली संपली तिथे भिंतीत एक खिडकी होती. आत एक बाई बसली होती. तिचे केस सरळ वर गेलेले होते.

"कनेक्शन?"

"घरगुती."

"माणसं किती?"

"तिघं. मी, हे आणि सासूबाई."

"बिलापोटी एकाची तहान भरावी लागेल. कुणाची?"

इंदूला सासूबाईंचे ओले हात आठवले, पाणी पिताना वरखाली होणारा बसवराजचा गळा आठवला.

"माझी घ्या."

"परत मिळत नाही."

"पाणी चालू राहील ना?"

"राहील."

बाईने ओंजळ पुढे केली. इंदूच्या घशातून काहीतरी कोरडं, खरखरीत वर आलं. कित्येक उन्हाळ्यांचं होतं ते. ओंजळीत पडल्यावर त्याचा आवाज झाला.

"बरं झालं आलात," बाई म्हणाली आणि उठून पदर झाडला. इंदूने पाहिलं तर ती स्वतः खिडकीच्या आत बसली होती आणि बाई बाहेर पाठमोरी चालली होती. तिच्यामागे गल्ली मिटत गेली.

वाईट वाटायला इंदूला सवडच मिळाली नाही. तळपायांतून काहीतरी गार, जोरकस चढू लागलं होतं. पोटऱ्या भरल्या, पोट भरलं, अंबाडा सुटला. पाईपचं तोंड तिच्या ओठांपाशी येऊन थांबलं. त्यातून सासूबाईंचा आवाज आला, आनंदाने कापणारा.

"इंदू, कुठं आहेस गं? सगळी गल्ली भांडी घेऊन आलीय. सोडू का नळ?"

"सोडा!" म्हणायला इंदूने तोंड उघडलं.