जिवनबाईचा बाप्तिस्मा

जिवनबाई हट्टा गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. नवरा वारल्यावर घरात तिच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं, मूलबाळ नव्हतंच. एकदा वसमतच्या बाजाराला गेली असताना पत्र्याच्या एका खोलीतून गाणं ऐकू आलं, म्हणून ती दाराशी थांबली. आत ख्रिस्ती मंडळीचे शांतवन नावाचे म्हातारे पाळक होते. त्यांनी तिला सतरंजीवर बसवलं आणि नाव विचारलं. मग ती दर रविवारी जाऊ लागली. येशूवर तिचा जीव जडला. पण प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायच्या भाकरीचं ताट तिच्यापाशी न थांबता पुढं जायचं, कारण पाण्यात बुडवून देतात ती दीक्षा, तिचा बाप्तिस्मा, झाला नव्हता.

तिनं एकदा विचारलंच, "पाळकसाहेब, मनातून मी त्याचीच हाय. मग पाण्यात काहून जायचं?"

"पाणी पाप धुत नाही, बाई. धुणारा तो. पाण्याखाली जाणं म्हणजे त्याच्याबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर उठणं. मनात धरलेलं तुम्ही चारचौघांत सांगता. पण एकटेपण त्यानं जाईलच असं नाही. कधी कधी वाढतंही. विचार करून या."

तिनं विचार केला आणि बाप्तिस्म्यासाठी दसऱ्यानंतरचा एक दिवस ठरला. बातमी कळताच तिचा थोरला भाऊ किशनराव शेतातून तसाच आला. आईबाप गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं होतं.

"हे काय करून राहिलीस? मी काय कमी केलं तुला?"

"काहीच न्हाई, दादा."

"मंग? उद्या मेलीस तर तुला कुठं नेऊ? दहावा कोण करील? आमी नुसतं बघत बसावं?"

तो रागावण्यापेक्षा भ्यालाच होता, हे पाहून तिला जास्त दुखलं.

"पाण्यात गेलीस तर माझ्या दारात येऊ नको," म्हणत तो निघून गेला.

सिद्धेश्वर धरणाच्या काठावर त्या दिवशी तिच्यासोबत पाळक आणि त्यांची बायको पद्माबाई एवढेच आले होते. मंडळीतले बाकीचे कापूस वेचायला गेले होते.

"पुढच्या महिन्यात करू का? माणसं असतील," पाळक म्हणाले.

जिवनबाई रस्त्याकडं पाहत होती. भाऊ येईल असं उगीच वाटत होतं. एक टेम्पो आला आणि न थांबता गेला. पुढच्या महिन्यापर्यंत आपली हिंमत टिकेल का, तिला ठाऊक नव्हतं.

"आजच करू."

काठावर पलीकडं जाळं सुकवत बसलेले मच्छीमार खाजा मिया उठून आले. "गाळ हाय बहन, बराबर पाय टाका," म्हणत त्यांनी आपली काठी दिली.

पाणी कमरेला लागलं. पाळकांनी तिच्या पाठीला हात दिला. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुमचा बाप्तिस्मा करतो."

ती खाली गेली. कानांत पाणी भरलं, सगळे आवाज बंद झाले. क्षणभर तिला वाटलं, आपण मेलो. तिथं कुणीच नव्हतं, तरी भीती वाटली नाही. मग पाळकांच्या हातानं तिला वर ओढलं आणि छातीत भसकन हवा शिरली. काठावर पद्माबाई एकटीच गात होती; वाऱ्यात तिचा आवाज अर्धाच पोचत होता. जिवनबाई रडली. का, ते तिला सांगता आलं नसतं.

भाऊबीजेला किशनराव आला नाही. दुपार कलल्यावर तीच त्याच्या घरी गेली. भावजय भिकाबाई अंगणात पाणी घेऊन आली.

"आत हायेत. येत न्हाईत," ती हळूच म्हणाली.

"तब्येत?"

"जेवण कमी झालंय."

जिवनबाई ओट्यावर बराच वेळ बसली. आतून त्याचा खोकला ऐकू येत होता. डोळे मिटून तिनं देवापाशी त्याचं नाव घेतलं. मग उठली.

"येते रे दादा. पुढच्या साली बी येईन."

गल्लीत घरोघरी बहिणी भावांना ओवाळत होत्या. त्यांच्या दारांवरून ती चालत गेली. दादा भेटला नाही याचं वाईट वाटत होतं. पाण्यात उतरल्याचं वाईट मात्र वाटत नव्हतं. घरी येऊन तिनं कुलूप काढलं आणि आपल्यापुरती एक भाकरी थापायला घेतली.