मिरेईचा बैल

"बैल कापला होता की नव्हता, एवढंच सांग," रेमोसा म्हणाला.

चिंचेखाली आम्ही दहा-बारा जण बसलो होतो. समोरच्या झोपडीत सोलांझची मुलगी मिरेई चटईवर होती. एकवीस वर्षांची. तीन दिवस ताप आला आणि त्या दिवशी पहाटे ती गेली. आता ऊन डोक्यावर आलं होतं, आणि तिला पुरायचं कुठे हे अजून ठरत नव्हतं. आमच्या किनाऱ्यावरचं ऊन कुणाच्या दुःखासाठी थांबत नाही.

"कापला होता," सोलांझ म्हणाली.

"कुणी?"

"पास्कालने."

"मग पोरगी पास्कालची. तिने त्याच्या वाडवडिलांच्या कुंपणात जायचं. बाबांच्या कुंपणात मी तिला कशी घेऊ? ते विचारतील मला, 'रेमोसा, ही कुणाची आणून ठेवलीस?' म्हणून."

"त्याचं कुंपण फ्रान्समध्ये आहे, झोकी."

झोकी म्हणजे थोरला भाऊ. एवढ्या रागातही तिने त्याला नावाने हाक मारली नाही.

रेमोसाला कुणी दुष्ट समजू नये. आदल्या दिवशी मिरेईला बैलगाडीतून मोठ्या रस्त्यापर्यंत त्यानेच नेलं होतं, आणि तुलेआरच्या दवाखान्याकडे जाणारी गाडी आलीच नाही तेव्हा तोच ढसाढसा रडला होता. पण बापामागे घराण्याचं कुंपण, म्हणजे आमची पुरायची जागा, त्याच्याकडे आलेलं. आमच्याकडे मूल जन्मलं की ते आईच्या बापाचं असतं. नवऱ्याने सासऱ्याच्या दारात बैल आणून कापला, चार माणसांत शब्द दिला, की मूल त्याचं होतं. त्याला सोरो म्हणतात. जिवंतपणी पोर कुठेही जेवो, कुठेही निजो, त्याचं कुणाला काही नाही. सोरो असतो तो हाडांचा. मेल्यावर हाडं कुणाच्या कुंपणात जायची, ते त्या बैलावर ठरतं.

या सगळ्यात मी कोण? मी नार्सिस, सुतार. होड्या करतो आणि मेलेल्यांची लाकडी कुंपणं करतो. लहानपणी पाद्र्यांच्या शाळेत चार यत्ता फ्रेंच शिकलो, म्हणून त्या बैलाच्या दिवशी दुभाष्या मी होतो. आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

सोलांझ तेव्हा बावीसची होती. किनाऱ्यावरच्या बारमध्ये बसायची. गावातल्या निम्म्या पोरी बसायच्या, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. समुद्रात मासा नसला की घरात तांदूळ त्यांच्यामुळेच यायचा. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गोरे म्हातारे यायचे. आम्ही त्यांना वझाहा म्हणतो. विमानातून उतरायचे, पोरगी निवडायचे, जाताना पैसे देऊन जायचे. पास्काल त्यांतला नव्हता. हे तो स्वतःच दिवसातून चारदा सांगायचा.

"मी टुरिस्ट नाही, नार्सिस. मी प्रवासी आहे."

खरंच, तो मालट्रकच्या टपावर बसून आला होता, पाठीवर पिशवी टाकून. हाताने मासे-भात खायचा, चटईवर झोपायचा. समुद्रकाट्यावर त्याचा पाय पडला तेव्हा मी सुईने सतरा काटे काढले, त्याने हूं की चूं केलं नाही. बारमधल्या म्हाताऱ्यांकडे बघून तो थुंकायचा. सोलांझला त्याने कधी एक पैसा दिला नाही. पैसे देत नाही म्हणजे प्रेम आहे, असं तिला वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं. आता वाटतं, त्या म्हाताऱ्यांना निदान आपण काय घेतलं ते ठाऊक होतं.

चार महिने राहून तो गेला. दीड वर्षाने परत आला तेव्हा मिरेई रांगत होती. तिला उचलून खांद्यावर घेऊन तो गावभर नाचला. सोलांझचा बाप तेव्हा होता. म्हातारा मला म्हणाला, "विचार त्याला, बैल देतोस का."

मी पास्कालला म्हणालो, "बाळासाठी जेवण घालायची रीत आहे. बैल लागतो."

"जेवण? वा!" तो म्हणाला.

'हाडं' कशी सांगायची, मला येत नव्हतं. पण खरं तर मला सांगायचंच नव्हतं. सांगितलं असतं तर तो घाबरून पळाला असता, आणि पाच महिने गावात कुणी मांस पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बैल आडवा पडला, म्हाताऱ्याने सगळ्या गावासमोर विचारलं, "या लेकराची हाडं तू घेतोस?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पास्कालला विचारलं, "तुम्ही खूश आहात ना?"

"हो, हो! फारच खूश!"

"घेतो म्हणतो," मी सांगितलं.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पास्कालने त्याला मिठी मारली. मला मांडीचा वाटा मिळाला.

दोन महिन्यांनी पास्काल गेला तो गेलाच. एक पत्र आलं, त्यात एक फोटो होता: अंगावर उसनं लुगडं गुंडाळून पास्काल हसतोय, शेजारी सोलांझ, तिच्या कडेवर मिरेई, पुढे बैल. सोलांझने बारमध्ये जाणं सोडलं आणि लॉजच्या चादरी धुवायला लागली. लोक म्हणायचे, "वझाहाची बायको ना तू? मग हाताला साबण का?" ती हसायची. नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईला जेवढं हसता येतं तेवढं.

मिरेईसारखी गोरटेली पोरं गावात आणखी सात-आठ होती. शाळेत त्यांना चिडवायचे, "पांढरं अंडं, कोंबडा कुठाय?" बाकीची रडत घरी यायची. मिरेई कमरेवर हात ठेवून उभी राहायची.

"तुझ्या बापाने तुझ्यासाठी काय कापलं रे?"

"बैल."

"माझ्या बापाने पण बैलच कापला. जा, तुझ्या आजीला विचार, तिने दोनदा वाढून घेतलं होतं."

त्या बैलाची शिंगं तिने झोपडीच्या आढ्याला बांधून ठेवली होती. त्यांवर ती ओढणी वाळत घालायची. मोठी झाल्यावर आईबरोबर लॉजच्या चादरी धुवायला जायची. एखादा वझाहा लाडात येऊन म्हणाला, चल माझ्याबरोबर, तर फ्रेंचमध्ये सांगायची, "माझ्या वडिलांना विचारा." वडील कुठे असतात असं त्याने विचारलं की म्हणायची, "तुमच्याच गावाकडे." तिला बापाची बाकी काही आस नव्हती. ना पत्राची ना पैशाची. बैल होता तेवढा तिला पुरला. मी ते बघायचो आणि मान खाली घालून रंधा मारत राहायचो.

तर आता चिंचेखाली रेमोसा म्हणाला, "एक वाट आहे. त्याने तोंडाने सांगावं, हाडं परत दिली म्हणून. मी माझ्या कानाने ऐकेन, की लगेच कुंपण उघडतो."

लॉजची मालकीण ऑर्तान्सबाई तिथेच होती. तिने आपल्या फोनवर पास्कालला पाव तासात शोधून काढलं. एकट्याने जग फिरणाऱ्यांना तो आता सल्ले देतो म्हणे, त्याचं पान होतं, खाली नंबर होता. पानावर तोच फोटो होता. खाली लिहिलं होतं, गावकऱ्यांनी माझ्या स्वागताला बैल कापला. फोटो कडेने कापलेला होता. सोलांझचं नुसतं कोपर उरलं होतं. मिरेई तर नव्हतीच.

सोलांझने फोटो नीट पाहिला आणि फोन माझ्या हातात दिला.

"लाव," ती म्हणाली. "आवाज मोठा ठेव."

फोन लागला. मी म्हणालो, "मी नार्सिस. होडीवाला. तुमच्या पायातले काटे काढले होते."

"नार्सिस!" तो एवढ्या मोकळेपणी हसला की क्षणभर मलाही बरं वाटलं. "अरे, माझ्या मित्रा! तो रस्ता अजून तसाच आहे का?"

"तसाच आहे. मिरेई वारली."

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग लांबून एका बाईचा आवाज आला, "कोण आहे रे?"

मी घाईने म्हणालो, "साहेब, आम्हाला काही नको. फक्त एक वाक्य बोला. मुलगी आईच्या घराला परत दिली, एवढंच."

"हे बघा," पास्काल म्हणाला, आणि आवाज एकदम परक्यासारखा झाला. "तुम्हाला पैसे हवे असतील तर किती ते सांगा. पण मला तिथे मुलगी नाही. मी तुमच्याबरोबर एकदा बैल खाल्ला, बस. पुन्हा फोन करू नका."

फोन बंद झाला.

रेमोसाला फ्रेंचचा गंध नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि सगळा गावही. वीस वर्षांपूर्वी अगदी असेच बघत होते.

"काय म्हणाला?"

एका खोट्याने मारलेली गाठ दुसऱ्या खोट्याने सोडवावी, असं माझ्या मनात आलं. त्यात कुणाचं काय जात होतं?

"म्हणाला, हाडं परत दिली."

रेमोसाने केवढा तरी मोठा श्वास सोडला. लगेच उठला, पहारी आणा म्हणून सांगायला लागला. त्यालाही तेच हवं होतं बिचाऱ्याला.

"असं म्हणाला नाही तो," सोलांझ म्हणाली.

मी विसरलोच होतो. माझं फ्रेंच चार यत्तांचं. तिचं बारमधलं आणि वीस वर्षांच्या चादरींमधलं. तिचंच पक्कं होतं.

"नार्सिस चांगला आहे म्हणून खोटं बोलला," ती म्हणाली. "पास्काल म्हणाला, मला मुलगी नाही."

मग रेमोसा तिच्याजवळ जाऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मग तर प्रश्नच मिटला ना, सोलांझ. बापच नाही म्हणतोय. म्हणजे सोरो फुकट गेला. पोरगी बाबांची झाली. चल, ऊठ."

"नाही."

"आता काय नाही?"

"वीस वर्षं ती बापाची होती, झोकी. गावात ताठ मानेने फिरली ती त्यावर. आज मेली म्हणून दुपारच्या दुपारी तिला बिनबापाची करू?"

"अगं, पण तोच..."

"त्याचं राहू दे. बैल कापला होता. तू खाल्लास, तुला काळजाचा वाटा मिळाला होता. या सगळ्यांनी खाल्ला. एक माणूस फोनवर नाही म्हणाला, तर तो बैल उठून चालायला लागतो का?"

मला वाटलं, आता सांगावं. हाडांचं मी विचारलंच नव्हतं, मी फक्त खूश आहात का म्हणून विचारलं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले. सोलांझने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला ते ठाऊक आहे. पास्कालबरोबर ती चार महिने बोलली होती, बैलाच्या दिवशी शेजारीच बसली होती. तेव्हाही तिला फ्रेंच येत होतं. वीस वर्षं आम्ही दोघांनी एकच गोष्ट पोटात ठेवली होती, आणि मला वाटत होतं मी एकटाच आहे. मी तोंड मिटलं.

"मग पुरायचं कुठे?" रेमोसाने विचारलं.

"बाबांच्या कुंपणाबाहेर. वाळूत जागा आहे."

"एकटीला?"

ती उठून झोपडीत मिरेईपाशी गेली.

उन्हं कलायला लागली तेव्हा आम्ही मिरेईला टेकड्यांपलीकडे घेऊन गेलो. काटेरी झुडपांमध्ये तिथे घराघराची कुंपणं आहेत. सोलांझच्या बापाचं मीच केलेलं. त्यात तिच्या आईशेजारी एक जागा मोकळी आहे, ती सोलांझची, हे गावातल्या पोरालाही माहीत आहे. त्या कुंपणापासून वीस पावलांवर आम्ही मिरेईला ठेवलं. सोलांझने घरून ती शिंगं आणली होती, ती तिच्या उशाशी रोवली. ओढणी तशीच होती त्यांवर.

माणसं परतायला लागली. मी दोरी घेऊन मागे राहिलो, कारण कुंपणाचं माप त्याच दिवशी घ्यायचं असतं.

"किती घेऊ, सोलांझ?" मी विचारलं. "एकटीचं आहे, लहान पुरेल."

ती मिरेईच्या डाव्या अंगाला गेली. वाळूतले दोन-तीन काटे वेचून बाजूला टाकले, पदर सारखा केला आणि उताणी आडवी झाली. पाय जुळवून घेतले. डोळे उन्हामुळे मिटले होते की कशामुळे, ते मला कळलं नाही.

"इथपर्यंत घे," ती म्हणाली, आणि हात लांब करून वाळूवर रेघ ओढली.

रेमोसा वाटेवर थांबला होता. त्याने ते पाहिलं. आईशेजारची जागा त्या रेघेने गेली, हे त्याला माझ्याआधी कळलं असणार. तो परत आला. टोपी काढून त्याने काखेत धरली. मला वाटलं आता भांडेल, रीत सांगेल, बापाचं नाव काढेल.

त्याने माझ्या हातातून दोरीचं एक टोक घेतलं, बहिणीच्या पायापाशी उकिडवा बसला आणि ते वाळूत दाबून धरलं.

"ताण," तो मला म्हणाला.