शोकेसमधला परतीचा कप

मी एक स्टीलचा कप आहे, मित्रांनो. सध्या माझा मुक्काम डोंबिवलीत, मानपाड्याच्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावरच्या शोकेसमध्ये आहे. माझ्या एका बाजूला काचेची बदकं आहेत आणि दुसऱ्या बाजूला बंद पडलेलं घड्याळ बसवलेली एक ढाल. तुम्ही म्हणाल, या कपाची मजा आहे, ना घासणं ना आपटणं. पण खरं सांगू? मला इथे आणून बसवलं, हाच माझ्याशी झालेला दगा आहे. आणि तो माझ्या एकट्याशी झालेला नाही.

माझा जन्म इथूनच जवळ, एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये झाला. पत्र्याची गोल चकती प्रेसखाली गेली, दणका बसला आणि मी कप होऊन बाहेर पडलो. मला कान नाही. त्याऐवजी माझा काठ बाहेर वळवलेला आहे, म्हणजे गरम चहा काठाला धरून पिता येतो. माझ्या बुडावर ठोकून दोन शब्द लिहिले आहेत : ‘परत करा’. माझी दोन-अडीचशे भावंडं माझ्याबरोबर जन्मली आणि सगळ्यांच्या बुडावर हेच दोन शब्द होते. आमच्या जन्माचं सगळं कारण त्यात आलं.

आमच्या आधी त्या रस्त्यावर कागदी कपांचं राज्य होतं. नावाला कागद, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर. एक घोट, दोन घोट आणि कप गटारात. ओल्या कचऱ्यात तो कुजत नाही आणि चहाने बरबटलेला म्हणून सुक्यातही कुणाला नको असतो. एका पावसाळ्यात सोसायटीच्या गेटाजवळचं गटार या कपांनी गच्च तुंबलं आणि खालच्या दुकानांत पाणी शिरलं. वॉर्ड ऑफिसची माणसं आली आणि म्हणाली, इथल्या चहाच्या टपऱ्याच उठवतो.

तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरी सोनलताई पुढे आल्या. त्या ‘हिरवी ओसरी’ नावाचं एक मंडळ चालवत. “टपऱ्या उठवू नका, कागदी कप उठवा,” असं त्या भर रस्त्यात ठामपणे म्हणाल्या. मंडळाने आम्हाला बनवून घेतलं. वॉर्ड ऑफिसनेही मान्य केलं की जोवर या रस्त्यावर कागदी कप दिसत नाहीत, तोवर टपऱ्यांना कुणी हात लावणार नाही. माणसाने शब्द द्यावा तर असा, असं मला वाटलं होतं. मी तेव्हा नवा होतो.

आमचं घर म्हणजे कडुनिंबाखालची मंजुळाबाईंची टपरी. या रस्त्यावरच्या सगळ्या टपऱ्यांचे कप धुण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. रिक्षा स्टँडवर, कंपनीच्या गेटावर, झेरॉक्सच्या दुकानाबाहेर हिरवे क्रेट टांगले होते. चहा कुठेही घ्यावा, चालता चालता प्यावा आणि कप दिसेल त्या क्रेटमध्ये टाकावा. सहदेव नावाचा एक गृहस्थ सायकलवरून फिरून आम्हाला गोळा करायचा आणि मंजुळाबाई उकळत्या पाण्यात आम्हाला आंघोळ घालायच्या. उरलेले कागदी कप त्यांनी भंगारवाल्याला देऊ केले, तर तोही नको म्हणाला.

काय दिवस होते ते! पहाटेच्या पाळीचे कामगार, रिक्षावाले, क्लासला निघालेली मुलं, बँकेतले साहेब, सगळ्यांच्या ओठाला मी लागलो. कुणी मला परतीचा कप म्हणे, कुणी मावशीचा कप. एकदा एका रिक्षावाल्याच्या हातून मी सटकलो आणि चाकाखाली जाता जाता वाचलो. माझा काठ वाकला होता. मंजुळाबाईंनी पकडीने तो सरळ केला, पण पोटावर एक पोचा राहिला तो राहिलाच. त्या पोच्यावर अंगठा ठेवून त्या मला धुवायच्या. गटार पुढच्या पावसाळ्यात तुंबलं नाही. ठाण्याहून माणसं आम्हाला बघायला आली. फोटो निघाले. फोटोत सोनलताई मधोमध असायच्या आणि मंजुळाबाईंचा किटली धरलेला हात तेवढा कडेला दिसायचा. त्याचं त्यांना काही नव्हतं. टपरी जागेवर होती, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

मग आली संक्रांत.

सोसायटीत दरवर्षी मोठं हळदीकुंकू असतं. त्यात बायका एकमेकींना जी वस्तू देतात तिला वाण म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या वर्षी वाणासाठी प्लास्टिकचे डबे मागवून झाले होते. आणि पाहुण्या म्हणून ठाण्याहून, माजिवड्याच्या मृणालताई येणार होत्या, प्लास्टिक कसं टाळावं हे सांगायला! डब्यांची खोकी आदल्या दिवशी सोसायटीत येऊन पडली, तेव्हा कुठे ही गोष्ट सोनलताईंच्या ध्यानात आली. त्या धावतपळत टपरीवर आल्या आणि म्हणाल्या, “मावशी, उद्या कार्यक्रमाला आपले सगळे कप लागतील. एकदम चकाचक घासून दे. आणि चहा तुझाच.”

मंजुळाबाईंना केवढा आनंद झाला! त्यांनी टपरी लवकर बंद केली, सहदेवला पाठवून सगळे क्रेट रिकामे करवले, दुसऱ्या टपऱ्यांवरचे कपसुद्धा मागवून घेतले आणि लिंबाच्या साली न्‌ राखेने आम्हाला असं घासलं की त्यांना आमच्यात स्वतःचा चेहरा दिसावा. मीही फुशारलो. आता आमचा सत्कार होणार, हे मी धरूनच चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी मला हॉलमधल्या टेबलावर मांडलं. माझ्यात तिळगूळ भरला आणि वर जाळीचं कापड ताणून रिबीन बांधली. मला वाटलं, शोभा असेल. तेवढ्यात मंजुळाबाई किटली घेऊन दारात आल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, रिबिनीकडे पाहिलं आणि चहा कशात द्यायचा म्हणून विचारलं. कुणीतरी खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे कागदी कपांची चळत उभी होती.

सोनलताई त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या, “अगं, वाणाला दिले की प्रत्येक घरात आपला कप पोचेल. केवढा प्रचार होईल बघ. आणि नवीन येतील ना मावशी, मी आहे ना.”

मंजुळाबाईंनी आपल्याच हाताने कागदी कपांत चहा ओतला आणि सगळ्यांना दिला. मला त्या क्षणी ओरडावंसं वाटलं, पण माझं तोंड जाळीने बांधलेलं होतं. मृणालताईंचं भाषण छान झालं.

मित्रांनो, सोनलताई दुष्ट नव्हत्या. त्यांना खरंच वाटलं असेल की बायका आम्हाला घेऊन टपरीवर येतील. पण या मातीत वाढलेल्या बाईला एवढं कळू नये? वाण घेतलं की घेतलं. ते कुणी परत करत नाही. ज्या कपाच्या बुडावर ‘परत करा’ असं लिहिलंय, त्याला नेमकं अशा रीतीने वाटलं की तो कधीच परत येऊ नये.

मी शीलाकाकूंच्या वाट्याला आलो. काकू साठीच्या, मायाळू, मूळच्या राजापूरकडच्या. त्यांनी तिळगूळ डब्यात काढला, मला पुसलं आणि शोकेसमध्ये ठेवलं. या शोकेससमोरच खिडकी आहे आणि खिडकीतून कडुनिंब दिसतो. त्यामुळे पुढचं सगळं मला बघावं लागलं.

मंजुळाबाईंनी गिऱ्हाइकांना घरून कप आणायला सांगितलं. थोडे दिवस काहींनी आणले, मग कंटाळले. मग त्या सोसायटीच्या गेटाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांकडे आम्हाला परत मागू लागल्या. शीलाकाकूंकडेही त्यांनी मागितलं. काकू घरी येऊन लेकीला फोनवर सांगत होत्या की बिचारीला नाही म्हणताना जिवावर आलं, पण वाण कसं परत द्यायचं, ज्यांनी दिलं त्यांचं वाईट चिंतल्यासारखं होतं. सगळ्याच बायकांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं असावं, कारण एकही कप खाली गेला नाही. नवे कप आले नाहीत. सोनलताईंची गाडी मागच्या गेटाने जाऊ-येऊ लागली.

शेवटी कडुनिंबाखाली कागदी कप परत आले. त्यांच्यामागून गटार भरलं आणि त्यामागून वॉर्ड ऑफिसची माणसं आली. त्यांनी ठरलेलं तेच केलं, टपऱ्या उठवल्या. बाकड्यावर उभ्या राहून मंजुळाबाई कुणाला तरी पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या. पलीकडून कुणी उचलत नव्हतं. संध्याकाळी शीलाकाकूंच्या मोबाइलवर सोसायटीच्या ग्रुपवरचा एक फोटो आला, तो त्यांनी माझ्यासमोरच उघडला. सोनलताई ठाण्यात एका व्यासपीठावर उभ्या होत्या. पाठीमागच्या पडद्यावर माझ्यासारख्याच एका कपाचं भलंमोठं चित्र होतं.

मला राग आला. अजून येतो.

गेल्या दिवाळीत काकूंनी शोकेसची साफसफाई काढली. भांड्यांना नवी बाई लागली होती, तिच्याकडे बदकं, ढाल आणि मला दिलं. नळाखाली तिचा अंगठा माझ्या पोच्यावर बसला आणि तिथेच थांबला. मी तो अंगठा ओळखला. तिनेही मला ओळखलं होतं. टपरी गेल्यावर मंजुळाबाई याच सोसायटीत घरोघरी भांडी घासत होत्या.

काकू मागेच उभ्या होत्या. त्यांना एकदम आठवलं. “अगं, हा तुझ्याच टपरीवरचा ना? हवा तर घेऊन जा तू.”

मंजुळाबाईंनी नळ बंद केला. “एक घेऊन काय करू काकू? एका कपाने टपरी नाय चालत. सगळे फिरायचे म्हणून चालायची. गेटवर मागायला आलेले ना मी, तेव्हा द्यायचा होता.”

एवढं बोलून त्यांनी मला निथळायला ओट्यावर पालथं घातलं आणि पुढची भांडी घेतली. काकू वाकल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या बुडावरचे दोन शब्द पाहिले. हळू आवाजात वाचलेही. मला वाटलं, आता तरी काही होईल. मग त्यांनी मला पदराने कोरडं केलं आणि शोकेसमध्ये, बदकांच्या शेजारी ठेवून दिलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला फार जपलं, त्यातच माझी टपरी गेली. मला वापरा, आपटा, पोचे पाडा, पण माझ्या माणसाकडे मला परत जाऊ द्या, आणि तो मागतोय तेव्हाच जाऊ द्या. तुमच्याही घरच्या शोकेसमध्ये असा एखादा स्टीलचा कप असेल. आज तो पालथा करून बघा. बुडावर काही लिहिलेलं असेल, तर तेवढं करा.