शब्द येईपर्यंत

मित्रांनो, माझ्यावर आता जुन्या मासिकांचा ढीग रचून ठेवलेला असतो, त्यामुळे तुम्ही मला पाहिले असले तरी ओळखणार नाही. मी वाचनालयातली एक जुनी तिवई आहे. कपाटे करून उरलेल्या फळीतून सुताराने मला घडवले, ते वरच्या खणातली पुस्तके काढण्यासाठी. पुढे बालविभागाच्या बाईंनी मला उचलून आपल्या खोलीत नेले आणि माझे नशीब फळफळले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे रोज दुपारी मुले जमत. चित्रे काढत, कागदाची जहाजे करत, मनसोक्त भांडत आणि शेवटी माझ्याभोवती बसत. माझ्यावर जो बसेल त्याने वाचायचे, असा रिवाज होता. बाईंचा नियम एकच, पण कडक: वाचणारा अडला तर कोणीही शब्द सुचवायचा नाही. आगाऊ मुलांना तो फार जड जाई. ओठांवर आलेला शब्द गिळताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होत.

एका वर्षी एक मुलगी आली. घरी तिला पिटुकली म्हणत. ती बोलताना अडखळायची. वर्गात मुले हसून तिचे वाक्य पुरे करत, घरी बाबा मायेने करत. तिने तोंड उघडायचा अवकाश, की वाक्य तयार. होता होता पिटुकलीने बोलणेच टाकले. कितीतरी दिवस ती भिंतीला टेकून नुसती ऐकत राहिली. मग एका दुपारी कोणाला न विचारता माझ्यावर येऊन बसली. एक ओळ वाचायला तिला फार वेळ लागला. कोणी हूं की चूं केले नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

सुट्टी संपताना पालकांसमोर वाचनाचा कार्यक्रम होता. आपण एक पान वाचणार, असे पिटुकलीने स्वतः बाईंना सांगितले. मुलांना नियम पाठ होता. पालकांना तो सांगायचे मात्र बाई विसरल्या.

सुरुवात नीट झाली. मग ‘समुद्र’पाशी ती अडली. खुर्च्या करकरल्या. कोणीतरी उगाच खोकले. पुढच्या रांगेतल्या तिच्या बाबांना राहवेना.

“समुद्र, बाळा. समुद्र.”

पिटुकलीने पुस्तक मिटले आणि ती कपाटाआड निघून गेली. मला फार वाईट वाटले.

“मी मदतच केली ना हो?” बाबा गोंधळून म्हणाले.

“चूक माझी. आधी सांगायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “इथं शब्द सुचवत नाहीत. तिचा ती काढते.”

“तिचा जीव घुसमटतो. मला नाही बघवत.”

“नाही बघवत तर खाली बघा. पण थांबा.”

बाबा कपाटापाशी गेले. “पिटू, माझं चुकलं,” ते म्हणाले. “तू वाच. मी तोंड उघडणार नाही.” ती काही लगेच आली नाही. आली, तेव्हा बाबा खुर्चीकडे न जाता माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि त्यांनी माझा पाय मुठीत धरला.

ती पुन्हा त्याच शब्दापाशी अडली. मित्रांनो, बाबांची मूठ अशी आवळली की माझा सांधा कुरकुरला. वर लेक, खाली बाप. मी दोघांना सांभाळून उभी राहिले. मग ‘समुद्र’ आला, अख्खा, तिच्याच तोंडून. तिने पान पुरे केले.

निघताना दारापाशी ती म्हणाली, “बाबा, म... मला...” बाबांचा हात सवयीने पाण्याच्या बाटलीकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला आणि ते नुसते उभे राहिले. मागची माणसे खोळंबली, तरी हलले नाहीत.

“मला उ... उद्यापण यायचंय.”

पाणी तिला नकोच होते. इतकी वर्षे आणखी काय काय नको असताना तिने मुकाट्याने घेतले असेल, कोण जाणे.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, न पुसा. पण तुमच्यासमोर कोणी शब्दापाशी अडले, तर तो त्याच्या तोंडून हिसकावून घेऊ नका. त्याला काय म्हणायचे आहे, ते तुम्हाला ठाऊक नसते.