वरून आलेले विरजण

मित्रांनो, मी एक जुने विरजण आहे. दिसायला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे, हाताला लिबलिबीत. वाल्पाराइसो शहरातल्या आमच्या टेकडीवर मला लाडाने 'पाखरं' म्हणतात. मला दुधात सोडले की दुसऱ्या दिवशी आंबट दही तयार. मग मला गाळायचे, उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचे आणि पुन्हा ताज्या दुधात सोडायचे. एवढेच माझे आयुष्य, आणि त्यात मी सुखी आहे.

मला कोणी विकत नाही. विकलेली पाखरं जगत नाहीत, असे इथे मानतात. माथ्यावरच्या घरात राहणाऱ्या नोल्फाताईंनी मला खाली राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या, एदेल्मीराबाईंच्या हाती दिले. "रक्तात चरबी वाढलीय ना तुझ्या? रोज उपाशीपोटी एक पेला घे," त्या म्हणाल्या.

पुढे टेकडीवरची रुळांची लिफ्ट बंद पडली आणि उरल्या त्या पायऱ्या. ताईंचे वय झालेले, बाईंचे वजन वाढलेले. बहिणींची भेट फोनवर आली. "तुझी पाखरं कशी आहेत गं?" बाईंनी विचारले की ताई हवापाण्याचे काहीतरी काढायच्या. फोन ठेवल्यावर बाई बरणी पुसत रडायच्या. मलाही फार वाईट वाटायचे.

बाई माझे दही नेमाने प्यायच्या, पण आटवलेले गोड दूध भरपूर ओतून, वर लोण्याचा पाव! तपासणीत चरबी जशीच्या तशी.

"पाखरं कुचकामी निघाली, डॉक्टर."

"पाखरांना कशाला बोल लावता? गोड कोण खातं? आणि चालता किती?"

"चालू कुठं? जिकडं तिकडं पायऱ्या!"

नाचता येईना अंगण वाकडे! पण टोमणा लागला. डॉक्टरांनी गोळ्याही लिहून दिल्या, आणि घरी येताच गोड दुधाचा डबा शेजारणीकडे गेला.

मित्रांनो, माझी एक खोड आहे. मी वाढते. बरणीत मावेनासे होते, आणि पाखरं फेकणे म्हणजे पाप. बाईंनी आधी शेजारी दिले. मी पुन्हा वाढले. जवळची घरे संपली, तसे बाईंना वरच्या घरांकडे चढावे लागले. दर वळणावर त्या बसायच्या आणि मला शिव्या घालायच्या. "मेल्यांनो, पुरे की आता वाढणं!" पण पुढच्या खेपेला एक वळण जास्त चढायच्या. हळूहळू सैल झालेल्या स्कर्टला पिना लावायची वेळ आली.

शेवटी एकच घर उरले, माथ्यावरचे.

"अगं बाई, एदेल्मीरा! तू वर आलीस कशी?"

"पायांनी, ताई! ही घे पाखरं."

बरणी पाहून नोल्फाताईंचे डोळे भरले. "माझी कधीच मेली गं. नळाच्या पाण्यानं धुतली. तुला मोठ्या तोऱ्यात दिली होती, सांगायची लाज वाटली."

"मग मागायची होतीस की! तुझीच आहेत ही."

दोघींनी एकेक पेला घेतला, बिनगोडाचा. तोंडे वाकडी झाली आणि दोघी हसत सुटल्या. जिथून निघाले होते त्याच ओट्यावर मी पुन्हा पोचले होते. माझा आनंद काय सांगू!

पुढच्या तपासणीत चरबी उतरली. बाई माझे गोडवे गातात. खरे तर मान डॉक्टरांच्या गोळ्यांचा, सोडलेल्या गोडाचा आणि पायऱ्यांचा. मी फक्त वाढले.

म्हणून मित्रांनो, मला नळाच्या पाण्याने धुऊ नका आणि बरणीत कोंडून ठेवू नका. जास्त झाले की कोणाला तरी द्या. आणि कोणाच्या हाती पाठवू नका, स्वतः चढून जा. वर कोणीतरी लाजून गप्प बसलेले असते.