तुमच्या घराण्याचं

टेलरच्या संसारात एक वाटणी लग्नापासून ठरलेली होती: मुलात जे चांगलं ते आईच्या माहेरचं, उरलेलं टेलरच्या घराण्याचं. बसकं नाक, सकाळची झोप, गणितातले भोपळे, सगळं टेलरच्या माथी. भला माणूस पस्तीस वर्षं तोंडात टाचण्या धरून ऐकत आला.

मुलगा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. यंदा त्याची अक्षरं कलू लागली, मग चालताना तोही कलू लागला. दातांच्या दवाखान्याची पाटी तर अशी घसरली, की शेवटची दोन अक्षरं शेजारच्या सलूनच्या दारावर गेली. आईने निदान केलं, पितोय. रोज संध्याकाळी ती त्याचं तोंड हुंगायची. वास फक्त टर्पेंटाइनचा येतो म्हटल्यावर टेलरला म्हणाली, तेच पीत असणार, तुमच्या काकांचा काय भरवसा होता?

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं, की शरीराची राखण करणाऱ्या पेशींना आवरणारा ब्रेक याच्यात जन्मापासून ढिला आहे. त्या पेशी आता तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूवरच तुटून पडल्यात. औषधाने सूज उतरेल, हात बराचसा सावरेल. असा दोष बहुधा आईवडिलांपैकी एकाकडून येतो, आणि ज्याच्याकडून येतो त्याला कधीकधी काहीच होत नसतं. दोघांचंही रक्त लागेल.

"यांचंच घ्या," आई म्हणाली. बाईंनी दोघांचंही घेतलं.

रिपोर्ट आणायला टेलर एकटाच गेला. दोष आईकडचा निघाला. पस्तीस वर्षांनी निर्दोष सुटलेला तो माणूस मनातल्या मनात भाषण घोळवत, जवळजवळ उड्या मारतच घरी आला.

मुलगा जुन्या वर्तमानपत्रावर ब्रशने रेघा ओढायचा सराव करत होता. आईने त्याचं मनगट धरलं होतं. तिचे डोळे रडून सुजले होते. तिने वर न बघताच विचारलं, रिपोर्ट काय म्हणतोय?

टेलरचं भाषण घशातच राहिलं. त्याला तिची फार दया आली.

"आमच्याकडचंच निघालं," तो म्हणाला. "काकांचंच असणार."

"बाईंचा सकाळीच फोन आला होता," ती म्हणाली. मग मोकळ्या हाताने तिने टेलरचा हात घट्ट धरला. "तुमच्या घराण्यात धड खोटंसुद्धा बोलता येत नाही."

मुलाला हसू आवरेना, आणि बरी चाललेली रेघ पार कागदाबाहेर गेली. ती कुणाच्या घराण्याची, हे कुणी विचारलं नाही.