सेंटरमधला बटाटा

माईंनी ताटातला भात बोटांनी इकडचा तिकडे केला आणि ताट बाजूला सारलं.

"बास गं. भूकच नाही."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. ही ओळीने चौथी संध्याकाळ. ऑफिसातून धावतपळत येऊन तिने डाळीला लसणाची फोडणी दिली होती, भात मऊ शिजवला होता, सगळं माईंना आवडतं तसं.

"दुपारी सेंटरमध्ये काय दिलं होतं, आई?"

"देणार काय? त्यांचंच काहीतरी," असं म्हणून माई हात धुवायला उठल्या. बेसिनकडे तोंड केलं की चेहरा लपवायची चांगली सोय होते.

खरी गोष्ट अशी होती की माईंचं पोट तुडुंब भरलेलं होतं.

मुलासुनेबरोबर या परक्या देशात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. घरी दिवसभर एकटं राहायला नको म्हणून तीन महिन्यांपासून त्या म्हाताऱ्या माणसांच्या सेंटरमध्ये जात होत्या. सकाळी नऊला व्हॅन यायची, चारला परत सोडायची. मधल्या वेळात खुर्चीत बसून व्यायाम, बीपी मोजणं, पत्ते आणि साडेबाराला जेवण. तिथला आचारी बटाट्याच्या चकत्यांवर दाट पांढरा सॉस ओतून, वर चीज घालून ओव्हनमध्ये भाजायचा. पहिल्या दिवशी माईंनी नाक मुरडून एक घास घेतला. दुसरा घेतला. मग ताट पुसून खाल्लं. आता तर आचारी त्यांच्यासाठी ट्रेच्या कडेचा खरपूस तुकडा राखून ठेवायचा. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण माईंनी ताट पुढे केलं की त्याला बरोबर कळायचं.

माईंनी चाळीस वर्षं अकरा माणसांच्या घरात स्वयंपाक केला होता. सगळ्यांची पानं उठल्यावर पातेल्याच्या बुडाशी उरेल ते खाल्लं होतं. इथे वाफाळतं ताट त्यांच्यासमोर येत होतं, आणि वर हा उंचापुरा माणूस हातानेच विचारत होता, अजून वाढू का?

पण हे घरी सांगणार कसं? चीज खाते म्हणून नातीला त्यांनी वर्षभर बोलून बोलून हैराण केलं होतं. "पोटात डिंक होईल, डिंक!" म्हणाल्या होत्या. आता कोणत्या तोंडाने कबूल करायचं?

त्यांच्याच टेबलावर मास्तर बसायचे. आपल्याच भाषेतले, जन्मभर गणित शिकवलेले. त्यांना मात्र तिथलं काही म्हणता काही जात नव्हतं. चहात पाव बुडवून दिवस ढकलायचे. पँट सरकायला लागली म्हणून त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं होतं.

"वहिनी, तुम्हाला जातं तरी कसं हे?" ते विचारायचे.

"ढकलायचं घशाखाली, मास्तर," माई म्हणायच्या आणि चमच्याने सॉस निपटायच्या.

इकडे सुनेने पदर खोचला. माई लाजेपोटी बोलत नाहीत, पण उपाशी राहतात, अशी तिची खात्रीच झाली होती. तिने सेंटरमधल्या बाकी घरांना फोन केले, एकोणीस सह्या गोळा केल्या आणि सेंटरमध्ये आपलं जेवण मिळावं असा अर्ज लिहिला. मग तो माईंना वाचून दाखवला. "आमच्या आई रोज अर्धपोटी घरी येतात" हे वाक्य तर तिने दोनदा वाचलं. माईंना दरदरून घाम फुटला.

आठवड्याभराने सेंटरमध्ये बैठक भरली. व्यवस्थापक बाई, कोपऱ्यात हाताची घडी घालून आचारी, घरोघरची मुलं-सुना, नातवंडं आणि म्हातारी माणसं. बाई म्हणाल्या, ज्यांना जेवायचंय त्यांनाच आधी विचारू. सून दुभाष्याचं काम करायला उभी राहिली आणि म्हणाली, "आई, तुम्हीच सुरुवात करा. अजिबात भिऊ नका."

माईंनी आचाऱ्याकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. मग मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळत होता. आपण खरं बोललो तर मास्तरांना आपलं जेवण मिळायचं नाही, खोटं बोललो तर त्या बिचाऱ्या आचाऱ्याची नाचक्की होईल.

"मास्तरांना आपलं जेवण द्या," त्या म्हणाल्या. "डाळ, भात, भाजी. नाहीतर तो माणूस हाती लागायचा नाही. आणखीही सात-आठ जण आहेत तसे."

सुनेने भाषांतर केलं.

"आणि मला..." माईंनी हळूच आचाऱ्याकडे बोट केलं. "मला तो बटाटाच द्या. कडेचा."

सुनेचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"काय म्हणाल्या त्या?" बाईंनी विचारलं.

"आई, म्हणजे रोज संध्याकाळी भूक नाही म्हणायचात ते..."

"पोट भरलेलं असायचं गं. दोनदा घ्यायचे मी."

सुनेला आधी रडू आलं की हसू, तिचं तिलाच कळलं नाही. पण सुटलं ते हसूच, आणि हसत हसतच तिने भाषांतर पुरं केलं. आचाऱ्याने मान वर केली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

मागून नात ओरडली, "आजी! डिंक!"

"गप गं. म्हाताऱ्या पोटाला चालतं," माई म्हणाल्या.

ठरलं असं की दोन्ही स्वयंपाक करायचे आणि ज्याने त्याने सकाळीच सांगायचं. फोडणी शिकवायची जबाबदारी मास्तरांनी घेतली. फळ्यावर पायऱ्या लिहिल्या, खाली दोन रेघा मारल्या. पहिल्या दिवशी लसूण करपला. मास्तरांनी फळ्यावर फुली मारली आणि आचाऱ्याला पुन्हा करायला लावलं. दुसऱ्यांदा जिरं तडतडलं तसा वास थेट हॉलपर्यंत आला, आणि ज्यांना हाताला धरून उठवावं लागायचं ती माणसं आपापली काठी शोधायला लागली.

मास्तरांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. आचारी शेजारी उभा, परीक्षेच्या निकालाला उभा राहावा तसा.

"मीठ कमी," मास्तर म्हणाले आणि ताट पुढे केलं. "पण वाढ अजून."

तीनदा वाढून घेतलं त्यांनी. मग पत्त्यांना बसले आणि दुसऱ्याच डावात, हातात पानं तशीच धरून, चक्क घोरायला लागले. आजवर त्यांनी माईंना एकही डाव जिंकू दिला नव्हता. माईंनी हळूच वाकून त्यांची पानं बघून घेतली, आपलं पान टाकलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "जिंकले!"